थकबाकी वसूल होते, अब्रूचे काय?

गृहनिर्माण संस्थेचा कारभार ही आपल्या शहरी मध्यमवर्गाची लोकशाहीची पहिली शाळा आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये. महापालिकेच्या सभागृहाशी ज्याचा जन्मात संबंध येत नाही, असा कारकून वा शिक्षकही आपल्या इमारतीच्या वार्षिक सभेत हिशेब विचारतो, ठराव मांडतो, प्रसंगी समितीवर निवडूनही येतो. या शाळेला गेल्या दहा-बारा वर्षांत एक नवी सभा जोडली गेली आहे. तिला ठरलेली वेळ नाही, अध्यक्ष नाही, विषयपत्रिका नाही आणि इतिवृत्तही नाही. सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप हीच ती सभा होय.

या साधनाची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. पाण्याचा टँकर कधी येणार, लिफ्ट कधी सुरू होणार, पंप का बंद आहे, हे सर्वांना एका क्षणात कळते. २०२० च्या टाळेबंदीत औषधे, भाजीपाला आणि रुग्णवाहिका यांची व्यवस्था असंख्य इमारतींनी याच मार्गाने केली. तथापि त्याच पडद्यावर आता आणखीही काही मजकूर नियमाने उमटू लागला आहे. मेंटेनन्स थकविणाऱ्यांची नावे, सदनिकांचे क्रमांक आणि रकमा यांची यादी. जिन्यातील कॅमेऱ्याने टिपलेले कोणाच्या तरी मुलाचे चित्र व त्याखाली खोचक प्रश्न. भाड्याने राहणाऱ्या मुलींकडे रात्री कोण आले होते याची चौकशी. एखाद्या घरातील अंगठी दिसेनाशी झाली की तेथे काम करणाऱ्या बाईचे छायाचित्र आणि 'हिला कोणी कामावर ठेवू नये' असा इशारा. हे लिहिणाऱ्या प्रत्येकाला आपण संस्थेच्या हिताचेच काम करीत आहोत असे बहुधा मनापासून वाटत असते. म्हणूनच हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा मानून सोडून देता येत नाही. शिक्षा करण्याचा अधिकार कोणाचा, ती कोणत्या रीतीने व्हावी आणि कोठे थांबावी, हे प्रश्न त्यात गुंतलेले आहेत.

तक्रार खोटी नाही

प्रथम समितीची बाजू समजून घेणे न्यायाचे होईल. समजा, चाळीस सदनिकांची एक संस्था आहे आणि दरमहाची वर्गणी तीन हजार रुपये आहे. पाच सभासदांनी सहा महिने पैसे भरले नाहीत, तर संस्थेच्या तिजोरीत नव्वद हजारांचा खड्डा पडतो. वीज मंडळाचे बिल, वॉचमनचा पगार आणि लिफ्टच्या देखभालीचे पैसे मात्र त्यासाठी थांबत नाहीत. पैसे भरणाऱ्या पस्तीस जणांच्या खिशातून ती तूट भरून निघते आणि न भरणारे पाचजण त्याच लिफ्टने वर जातात. अर्थशास्त्रात ज्याला फुकट्या स्वाराचा प्रश्न म्हणतात, तो याहून स्पष्ट स्वरूपात क्वचितच पाहावयास मिळेल. समितीचे सदस्य बिनपगारी असतात, संध्याकाळचा वेळ मोडून हे काम करतात, आणि वर शिव्याही खातात. अशा माणसाने कंटाळून एके दिवशी यादी ग्रुपवर टाकली, तर त्याचा संताप समजण्यासारखा आहे.

दुसरेही एक मान्य केले पाहिजे. थकबाकी हे सभासदांपासून लपवून ठेवण्याचे गुपित नाही. संस्थेचे हिशेब पाहण्याचा हक्क सभासदाला कायद्याने दिलेला आहे. थकबाकीदाराला समितीवर निवडून येता येत नाही. तेव्हा निवडणुकीच्या वेळी कोण थकबाकीदार आहे हे कळलेच पाहिजे. लेखापरीक्षकाच्या अहवालात येणे बाकी दाखवावीच लागते. 'माझ्या थकबाकीचा उच्चारही करू नका, तो माझा खासगी प्रश्न आहे', असे म्हणणाऱ्या सभासदाला सहकार या शब्दाचा अर्थ कळलेला नाही, असेच म्हणावे लागेल.

प्रश्न आहे तो हिशेब आणि चव्हाटा यांतील फरकाचा.

हिशेब वेगळा, चव्हाटा वेगळा

वार्षिक सभेत थकबाकीचा विषय निघतो तेव्हा समोर सभासद बसलेले असतात, आणि ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे तोही तेथे येऊ शकतो. बिल चुकीचे आहे, वडील वारल्यानंतर हस्तांतरणाचे कागद समितीकडेच पडून आहेत, गच्चीतून होणाऱ्या गळतीबद्दल तीन पत्रे देऊनही उत्तर आलेले नाही, असे काही त्याला सांगावयाचे असेल तर ते त्याच बैठकीत सांगता येते. सभा संपते, इतिवृत्तात चार ओळी राहतात, आणि पैसे भरले गेले की विषयही संपतो.

ग्रुपवरील यादीला यातील एकही मर्यादा नाही. एकतर ती वाचणारे केवळ सभासद नसतात. सभासदाची पत्नी, मुलगा, भाडेकरू, घर विकून दुसरीकडे गेलेला पण ग्रुपमध्ये राहून गेलेला जुना मालक, कधीकधी तर घरांची दलाली करणारा गृहस्थही तेथे असतो. २०२२ पासून एका ग्रुपमध्ये १०२४ माणसांचा समावेश होऊ शकतो. इतकी माणसे एकत्र आली तर आपण तिला सभा न म्हणता मेळावा म्हणू. शिवाय ज्याचे नाव आले तो त्या क्षणी कार्यालयात असेल, इस्पितळात असेल. त्याने उत्तर देईपर्यंत दहा जणांचे अंगठे उमटलेले असतात आणि दोन विनोद होऊन गेलेले असतात. आणि या शिक्षेला शेवट नाही. पैसे दुसऱ्या दिवशी भरले तरी पडद्याचे छायाचित्र घेऊन कोणी ते मुलीच्या सासरपर्यंत पोहोचविले असेल, तर ते परत आणण्याचा मार्ग कोणत्याही सेक्रेटरीजवळ नाही. मूळ मजकूर पुसून टाकण्याची सोय आहे. पण ती वाचलेला पुसत नाही आणि पुढे गेलेला तर नाहीच नाही.

असे का होते, याचे एक कारण अगदी साधे व आर्थिक आहे. पूर्वी संस्थेच्या फलकावर नोटीस लावावयाची तर ती टंकलिखित करावी लागे, तिच्याखाली सेक्रेटरीला सही करावी लागे आणि जिन्यात भेटणाऱ्या त्या सभासदाच्या डोळ्याला डोळा भिडवावा लागे. हे सारे कष्ट म्हणजे एक प्रकारची किंमतच होती, आणि तिच्यामुळे रागाच्या भरात लिहिलेल्या दहांपैकी नऊ नोटिसा लागतच नसत. ग्रुपने ही किंमत शून्यावर आणली. ज्या वस्तूची किंमत शून्य आणि जिचा बोजा दुसऱ्याने सोसायचा, तिचे उत्पादन गरजेपेक्षा अधिक होते, हा आमच्या शास्त्राचा जुना सिद्धान्त आहे. कारखान्याच्या धुराला तो लागू पडतो, तसाच तो निंदेलाही लागू पडतो.

जे ग्रुपमध्ये नाहीत

येथवर ज्यांचा विचार केला, त्यांच्या हातात निदान फोन आहे आणि ते त्याच ग्रुपचे सदस्य आहेत. त्यांना उशिरा का होईना, उत्तर देता येते. परंतु या ग्रुपवर ज्यांच्या चारित्र्याची सर्वांत अधिक चर्चा होते, त्यांतील बरेचजण तेथे मुळी नसतातच. भाडेकरूंना अनेक संस्था घेत नाहीत. वॉचमन, सफाई कामगार, वर्तमानपत्र टाकणारा मुलगा आणि घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांना तर तेथे प्रवेश असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

घरकाम करणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो, ते पाहण्यासारखे आहे. जाण्यायेण्याचा वेळ वाचावा म्हणून ती सहसा एकाच संकुलात चार-पाच घरे धरते. म्हणजे तिच्या दृष्टीने ते संकुल हाच संपूर्ण श्रमबाजार असतो. पूर्वी एका घरातून तिला काढले तर चार घरे उरत, आणि त्यांपैकी एखादी मालकीण 'माझ्याकडे ती आठ वर्षे आहे, तिच्यावर माझा विश्वास आहे' असे म्हणून तिची बाजूही घेई. आता एका घरातील संशय सायंकाळी सात वाजता छायाचित्रासह ग्रुपवर येतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावरच तिला अडविले जाते. पाचही घरे एका रात्रीत जातात. हरवलेली अंगठी आठवड्याने कपाटामागे सापडली, तर ती बातमी त्याच उत्साहाने ग्रुपवर येते असा अनुभव नाही. मुख्य म्हणजे तिच्याविषयी काय लिहिले गेले, हे तिला कधीच वाचावयास मिळत नाही. आरोपपत्र न दाखविता झालेली ही शिक्षा आहे. ओळखपत्राच्या प्रती, पोलिस पडताळणीचे अर्ज आणि गावाकडचे पत्ते अशा वेळी ग्रुपवर सर्रास फिरतात, ते वेगळेच.

उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांच्या, म्हणजे ओल्गा टेलिस यांच्या खटल्यात सांगितले. घरकामगारांसाठी महाराष्ट्राने २००८ मध्ये स्वतंत्र कल्याण मंडळाचा कायदा केला. सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करणारे पहिले राज्य म्हणूनही आपण अभिमान बाळगतो; २०१६ चा तो कायदा जुलै २०१७ मध्ये अमलात आला. त्याचा रोख जातपंचायतींवर आहे, आणि इमारतीच्या ग्रुपला तो जसाच्या तसा लागू पडतो असे माझे म्हणणे नाही. परंतु एखाद्याला वाळीत टाकण्याचा अधिकार कोणत्याही जमावाला नाही, हे जे तत्त्व आपण गावकीला ऐकविले, ते सुशिक्षितांच्या संकुलाने आपल्यापुरते विसरावे, हे शोभणारे नाही.

कायदा काय देतो, काय देत नाही

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. त्याच्या आदल्या वर्षी, २०१६ मध्ये, फौजदारी बदनामीचा कायदा वैध ठरविताना व्यक्तीचा नावलौकिक हाही घटनेच्या २१ व्या अनुच्छेदाने रक्षिलेला आहे, असे न्यायालयाने म्हटले होते. भारतीय दंड संहितेतील ४९९ व ५०० ही कलमे आता भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात आली असून ती संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आहे. त्या कलमाचा एक अपवाद प्रत्येक ॲडमिनने समजून घ्यावा असा आहे. 'मी लिहिले ते खरे आहे' एवढ्याने फौजदारी कायद्यात सुटका होत नाही; ते खरे असावे लागते आणि ते प्रसिद्ध करणे लोकहितासाठी आवश्यक असावे लागते. उलट, योग्य अधिकाऱ्याकडे सद्‍भावनेने केलेली तक्रार ही बदनामी ठरत नाही. अंगठी हरवली तर पोलिसांकडे जाणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. तोच मजकूर चारशे लोकांसमोर मांडणाऱ्याला ते आपोआप मिळत नाही.

दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराबद्दल केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला गुन्हेगार ठरविता येणार नाही, त्याचा त्यामागे समान हेतू असल्याचे दिसले पाहिजे, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितले. ते योग्यच आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेल्या व्यवहाराला लागू होत नाही. परंतु संस्था ही व्यक्तीचे घर नव्हे. सभासदांचे दूरध्वनी क्रमांक, येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद आणि कॅमेऱ्यातील चित्रे संस्था म्हणून जी साठविली जातात, त्यांच्याबाबत ही सवलत सांगता येणे कठीण आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य बंधनांसाठी त्यांत अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. समित्यांनी ती मुदत तयारीसाठी वापरावी.

परंतु कायद्यावर सर्व भिस्त ठेवणे दोन कारणांनी बरोबर होणार नाही. पहिले म्हणजे बदनामीचा खटला वर्षानुवर्षे चालतो आणि त्याच जिन्यातून दोघांना रोज चढउतार करावयाची असते. पाच घरे गमावलेली बाई तर वकिलाच्या पायरीपर्यंतही पोहोचत नाही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. अब्रूच्या नावाखाली तोंडे बंद करण्याची सोय सत्ताधाऱ्यांना नेहमीच हवी असते, आणि इमारतीची समिती ही छोटीशी का होईना, सत्ताच आहे. रंगकामाच्या निविदा किती आल्या, असे विचारणाऱ्या सभासदाला 'तुम्ही समितीची बदनामी करता' म्हणून ग्रुपमधून काढून टाकल्याची उदाहरणे कमी नाहीत. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे मोघम कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केले, ते अशाच गळचेपीच्या भीतीने. हिशेबाविषयीचा प्रश्न आणि माणसाच्या चारित्र्यावरील शेरा यांत भेद केलाच पाहिजे. पहिल्याला पूर्ण मोकळीक हवी. दुसऱ्याला लगाम हवा. समितीच्या सदस्यांनाही पुराव्याशिवाय चोर म्हणण्याची मोकळीक कोणाला असू नये, हे यात आलेच.

पायरीपायरीची शिक्षा

मग थकबाकी वसूल कशी करावयाची? येथे एलिनॉर ऑस्ट्रम या अर्थशास्त्रज्ञ विदुषीची आठवण होते. त्यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. अर्थशास्त्रातील हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. स्वित्झर्लंडमधील कुरणे, जपानमधील गावजंगले, स्पेनमधील कालवे अशा सामाईक मालमत्ता माणसांनी शतकानुशतके कशा सांभाळल्या, याचा अभ्यास त्यांनी १९९० मध्ये ग्रंथरूपाने मांडला. टिकून राहिलेल्या व्यवस्थांत त्यांना काही समान सूत्रे आढळली. त्यांतील दोन येथे उपयोगी आहेत. नियम मोडणाऱ्याला शिक्षा होतेच, पण ती पायरीपायरीने वाढत जाते. पहिली चूक असेल तर शिक्षा अगदी सौम्य असते. आणि तंटा सोडविण्याची जागा जवळची, स्वस्त व सर्वांना ठाऊक असलेली असते.

स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहरात शेतकऱ्यांनी निवडलेले पाणीपंच दर गुरुवारी दुपारी तेथील मोठ्या चर्चच्या दारात बसतात. सारे कामकाज तोंडी व लोकांसमक्ष चालते. म्हणजे उघडपणाला तेथे विरोध नाही; पण ज्याच्यावर आरोप आहे तो समोर उभा असतो आणि त्याचे म्हणणे ऐकल्याखेरीज निकाल दिला जात नाही. इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. आपल्या धुळे-नाशिक भागातील फड पद्धतीतही पाणी वाटणारा पाटकरी व राखण करणारा जागल्या यांच्या जोरावर शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाण्याचा कारभार स्वतःच केला.

गृहनिर्माण संस्थेच्या कायद्यातही ही पायऱ्यांची शिडी मुळातच बांधलेली आहे. बिलानंतर स्मरणपत्र, मग उपविधींत ठरवून दिलेले व्याज, मग नोटीस, आणि तरीही पैसे न आल्यास निबंधकाकडे अर्ज. निबंधकाने वसुलीचा दाखला दिला की ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. १९६० च्या सहकारी संस्था कायद्यातील ही सोय २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी घातलेल्या '१३-ब' या स्वतंत्र प्रकरणातही ठेवण्यात आली आहे. कित्येक समित्या ही शिडी न चढता पहिल्याच पायरीवरून थेट चव्हाट्यावर उडी घेतात, कारण अर्ज लिहिण्यास कष्ट पडतात आणि यादी टाकण्यास पडत नाहीत. शिवाय त्या यादीने खरा निर्ढावलेला थकबाकीदार लाजत नाही. ज्याची नोकरी नुकतीच गेली आहे आणि ज्याला आपल्या मुलांसमोर मान खाली घालावी लागल्याचे दुःख आहे, तोच तिने घायाळ होतो. जी शिक्षा अट्टल माणसाला लागत नाही आणि गरजूला मात्र लागते, ती वसुलीचे साधन म्हणूनही निकामीच समजली पाहिजे.

सभेने काय करावे

यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. सर्वसाधारण सभेचा एक ठराव पुरेसा आहे. संस्थेच्या अधिकृत ग्रुपवर फक्त सूचना याव्यात आणि त्या समितीनेच टाकाव्यात. गप्पागोष्टींसाठी ज्यांना हवा त्यांनी वेगळा ग्रुप करावा. थकबाकीचा तपशील ज्याचा त्याला पत्राने कळवावा आणि सभासदांपुढे तो सभेच्या कागदपत्रांतूनच यावा. कॅमेऱ्यातील चित्रे कोणाच्या ताब्यात राहतील हे नावानिशी ठरावे, आणि ती पोलिसांना किंवा लेखी अर्जाखेरीज कोणालाही दिली जाऊ नयेत. कोणाचेही ओळखपत्र वा पत्ता ग्रुपवर टाकण्यास सक्त मनाई असावी. चोरीचा संशय असेल तर पोलिस चौकी आहे. कामाबद्दल तक्रार असेल तर ती समितीने त्या कामगार स्त्रीला समोर बसवून, तिचे ऐकून घेऊन मिटवावी, आणि तोपर्यंत फाटकावर तिला कोणी अडवू नये. एखादा आरोप ग्रुपवर झालाच आणि तो चुकीचा ठरला, तर दुरुस्ती त्याच ग्रुपवर, तितक्याच ठळकपणे यावी. संस्था सोडून गेलेल्यांची नावे दरवर्षी ग्रुपमधून कमी करावीत. आणि हिशेबाविषयीचे प्रश्न विचारल्यामुळे कोणालाही ग्रुपमधून काढले जाणार नाही, असे त्याच ठरावात स्पष्ट शब्दांत लिहावे. अन्यथा हा ठराव समितीच्या हातातील नवी छडी होईल.

१९१५ मध्ये मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था उभारली, तेव्हा त्या प्रयत्नामागे घराची निकड होती, तसाच परस्परांच्या शब्दावरील विश्वासही होता. आज महाराष्ट्रात अशा संस्थांची संख्या लाखाच्या पुढे गेली आहे. त्यांच्या ताळेबंदात इमारतनिधी असतो, राखीव निधी असतो. शेजाऱ्यांतील विश्वासाची नोंद करण्याची पद्धत मात्र लेखाशास्त्राला सापडलेली नाही. नव्वद हजारांची थकबाकी व्याजासह परत येऊ शकते. एका सायंकाळी गेलेली पाच घरे त्या बाईला परत मिळवून देणारा दाखला कोणताही निबंधक देऊ शकत नाही.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते. तिच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय यावा, अशी लेखी सूचना कोणताही सभासद देऊ शकतो. ग्रुपवर वाद घालण्यात जितका वेळ जातो, त्याच्या चौथ्या हिश्श्यात हे पत्र लिहून होईल.